जावईबापूंचं इंजिन

माझ्या सासरी मला कुणी नाही म्हणत नाही. ही फुशारकी नाही, तक्रार आहे, आणि ती सुचायला मला लग्नानंतर बरीच वर्षं लागली. तोवर मी तो मान अगदी चवीनं खात होतो. सुदामानगरच्या त्यांच्या दारात मी दिसलो की पंच्याहत्तरी ओलांडलेले माझे सासरे खुर्चीतून उठून उभे राहतात. सासूबाई पहिलं ताट माझं वाढतात, पोह्यांवरची शेव माझ्याच बशीत जास्त पडते आणि उन्हाळ्यात कूलरचं तोंड माझ्याकडे वळतं, मग बाकीची माणसं घामानं निथळली तरी चालतील. कारलं मला आवडत नाही असं मी एकदा सहज बोललो होतो. त्यानंतर त्या घरात मी कारलं पाहिलेलं नाही. सासऱ्यांना ते फार आवडतं, हे मला बायकोकडून कळलं, तेही फार उशिरा.

जावई म्हणजे दहावा ग्रह, असं आपल्याकडे म्हणतात. बाकीचे नऊ निदान पत्रिकेत बसतात, हा थेट पाटावर येऊन बसतो.

माझ्या बाबतीत त्या मानाला आणखी एक किनार होती. माझे आजोबा इंदूरला आले ते मिलमध्ये कारकून म्हणून. आम्ही सगळे मिल एरियातल्या दोन खोल्यांत वाढलो. सासऱ्यांचं घराणं मात्र संस्थानच्या कारभारातलं. पगड्या घातलेले, दसऱ्याच्या दरबारात ओळीनं उभे राहिलेले पूर्वज त्यांच्या बैठकीच्या भिंतीवर आजही आहेत. सासरे स्वतः कॉलेजात भूगोल शिकवून निवृत्त झाले, म्हणजे आता त्यांच्यात आणि आमच्यात तसा काही फरक उरलेला नाही. पण त्या फोटोंखाली बसून चहा पिताना मला नेहमी वाटायचं, की या घरात आपल्या हातचं काहीतरी असावं. लोकांनी बोट दाखवून म्हणावं, हे जावयानं केलं. मी सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात धान्य साफ करायच्या मशीनचे पार्ट बनवून घेतो. बैठकीत लावण्यासारखं त्यात काही नसतं.

मला हवी होती ती वस्तू त्यांच्या पोर्चमध्येच उभी होती. एक जुनी विलायती स्पोर्ट्स कार. दोन सीटची, उघडी, बुटकी, लांब नाकाची. संस्थानातले कुणी सरदार इंदूर सोडून गेले तेव्हा सासऱ्यांच्या वडिलांनी ती त्यांच्याकडून घेतली. रंग मूळचा लाल होता म्हणतात. मी पाहिली तेव्हा जुन्या कौलासारखा झाला होता.

हप्त्यातून एकदा, रविवारी सकाळी, ती बाहेर निघायची. सासरे बॉनेट उघडायचे, तेल बघायचे, चोक ओढून चावी फिरवायचे. इंजिन खोकायचं, बंद पडायचं, पुन्हा खोकायचं. शेवटी निळा धूर सोडत ते एका लयीत आलं की सासरे फडक्यानं काच पुसत तिथेच उभे राहायचे. तेवढ्या वेळात सासूबाई आत तयार व्हायच्या. त्यांचा उजवा गुडघा पुरता वाकत नाही. कुठेही बसायचं तर तो पाय लांब सोडून बसावं लागतं, म्हणून लग्नाकार्याला जाणंही त्यांनी कमी केलंय. त्या गाडीत मात्र नाक लांब असल्यानं पाय ऐसपैस पसरता येतो, असं त्या कौतुकानं सांगायच्या. डोक्याला रुमाल बांधून, मांडीवर चहाचा थर्मास घेऊन त्या नवऱ्याशेजारी बसायच्या आणि दोघं देपालपूरच्या रस्त्याला लागायचे. वस्ती संपून शेतं सुरू होतात तिथे एक जण पावसाळ्यात भुट्टे आणि थंडीत जाम घेऊन बसतो. जाम म्हणजे आमच्याकडे पेरू. तिथे थांबायचं, चहा प्यायचा, थोडे जाम घ्यायचे आणि जेवायच्या आत परत यायचं. मोठा मुलगा, सून, नातवंडं अशा भरल्या घरात ती दोघं एकमेकांशी बोलताना मी क्वचितच पाहिली होती. गाडीत बसल्यावर मात्र सासूबाई फाटकापासूनच बोलायला लागायच्या.

मला यातलं काही दिसत नव्हतं. मला धूर दिसत होता.

मागच्या अधिक महिन्यात त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. अधिकात लेक-जावई म्हणजे लक्ष्मी-नारायण. ताटात अनरसे रचून, त्यावर दिवा लावून जावयाला वाण देतात. त्या घरात आणखी एक जुनी रीत आहे. वाण दिल्यावर सासरा हात जोडून विचारतो, आणखी काही इच्छा आहे का, आणि जावयानं काही मागितलं तर ते मोडायचं नाही. अर्थात मागायचं नसतंच. ‘आशीर्वाद असू द्या’ म्हणून वाकायचं असतं. ही रीत टिकली ती जावयांच्या शहाणपणावर, असं आता वाटतं.

‘काही मनात असेल तर सांगा, जावईबापू. संकोच नको,’ सासरे म्हणाले.

उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी म्हणालो, ‘बाबा, गाडी द्या. म्हणजे ठेवायला नको हो! तिचं इंजिन आता संपलंय. मी दुसरं बसवून, एकदम फर्स्ट क्लास करून परत आणून देतो.’

सासूबाई वाढायला वाकल्या होत्या, त्या तशाच थांबल्या. मला वाटलं, आनंदानं.

‘इंजिन तसं ठीक चाललंय...’ सासरे हळूच म्हणाले.

‘चालत नाहीये बाबा, खोकतंय!’

सगळे हसले. सासरेही हसले. मग त्यांनी सासूबाईंकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, ‘जावईबापू म्हणतात तर सोचसमझूनच म्हणत असतील.’ ते आत गेले, गाडीची चावी घेऊन आले आणि माझ्या ताटात अनरशांच्या शेजारी ठेवली.

परत येताना पलासियाच्या सिग्नलला बायकोनं विचारलं, ‘तू बाबांना पूछलंस, की सांगितलंस?’

‘पूछलं ना. तुझ्यासमोर हो म्हणाले.’

‘ते तुला होच म्हणणार. अधिकात जावयाला कोण ना म्हणेल?’

‘मी स्वतःसाठी काय मागितलं? त्यांच्याच गाडीचं भलं करतोय ना?’

ती खिडकीबाहेर बघत राहिली. मी सिग्नल सुटेपर्यंत हॉर्न वाजवत होतो.

आमच्या कारखान्याच्या पुढच्या गल्लीत एक मेकॅनिक आहे. माझ्याच वयाचा, हौशी, आणि हौसेच्या बाबतीत माझा थोरला भाऊ शोभेल असा. जगातली कुठलीही गोष्ट त्याला विचारा, उत्तर एकच, ‘हो जाएगा भिया, टेंशन मत लो!’ आम्ही दोघांनी मिळून एका अपघातात चेपलेल्या पेट्रोल जीपचं इंजिन मिळवलं, तिच्याच पाच गिअरच्या गिअरबॉक्ससकट. जुन्या गाड्यांत दुसरं इंजिन बसवणारे लोक जगभर आहेत. त्यांचे व्हिडिओ आम्ही जेवणाच्या सुट्टीत बघायचो. त्या व्हिडिओत सगळं चुटकीसरशी होतं. इथे इंजिनचा खालचा तेलाचा डबा गाडीच्या आडव्या पट्टीवर अडायला लागला, तो कापून पुन्हा वेल्ड केला. इंजिन ज्यावर टेकतं ते ब्रॅकेट मी स्वतः ड्रॉइंग काढून कारखान्यात बनवून घेतले. मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट आखूड करावा लागला. रेडिएटर बदलला. वायरिंग तर अख्खं नवीन. रजिस्ट्रेशनवर इंजिनचा नंबर बदलायचा म्हणून सासऱ्यांना आरटीओत दोनदा नेऊन बाकावर बसवलं. दोन्ही वेळा ते सोबत पाण्याची बाटली घेऊन आले होते.

‘दोन महिन्यांत देतो’ म्हणालो होतो. पावसाळा गेला, दिवाळी गेली, थंडी आली नि गेली. जामाचा हंगाम त्या वर्षी त्या दोघांशिवायच संपला. मी फोनवर म्हणायचो, ‘बस, थोडंच राहिलंय.’ सासरे म्हणायचे, ‘आरामात करा, जल्दी काही नाही.’ पुढच्या पावसाळ्यात कुठे गाडी जागेवर उभी राहिली.

त्या सगळ्या कामातला एक दिवस मला विसरायचा आहे आणि तोच विसरता येत नाही. नवीन गिअरबॉक्स जुन्यापेक्षा रुंद निघाला. दोन सीटच्या मधून जो बोगद्यासारखा पत्रा जातो, त्यात तो मावेना. पत्रा कापून रुंद करायचा, तर जागा कुठल्या तरी एका बाजूची घ्यावी लागणार. चालवणाऱ्याच्या बाजूला क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर, तिथे बोटभरही जागा सोडता येत नव्हती. त्यात या इंजिनचा सायलेन्सरचा पाइपही डावीकडून उतरत होता. मेकॅनिक गाडीखालून ओरडला, ‘भिया, लेफ्ट साइड से ले लूँ क्या? उधर कौन बैठता है?’

मी हातात टेप घेऊन उभा होतो. ड्रायव्हरची सीट, स्टिअरिंग, पेडल, सगळ्याची मापं माझ्याकडे होती. सासऱ्यांच्या पायाची लांबीसुद्धा मी त्यांना खुर्चीत बसवून घेतली होती.

‘ले लो,’ मी म्हणालो. ‘उधर कोई खास नहीं बैठता.’

हे वाक्य मी बायकोला अजून सांगितलेलं नाही.

गाडी घरी नेली तो दिवस मात्र काय थाटाचा होता! नवा लाल रंग, झेंडूचा हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. सासूबाईंनी गाडीला ओवाळलं आणि मग मलाही ओवाळलं. गल्लीतले लोक जमले. मी चावी नुसती फिरवली आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं, ना खोकला ना धूर. शेजारचे एक काका म्हणाले, ‘क्या बात है! जमाई हो तो ऐसा.’ सासूबाई पदर सावरत म्हणाल्या, ‘जावईबापूंचं इंजिन आहे ते.’ तेव्हापासून त्या गाडीलाच घरात सगळे तसं म्हणायला लागले.

‘आई, बसा ना, एक चक्कर मारून या दोघं,’ मी म्हणालो.

त्यांनी गाडीत वाकून पाहिलं. मग म्हणाल्या, ‘आज तुम्हीच जा यांच्यासोबत. माझा स्वयंपाक पडलाय. मी बसेन नंतर आरामात.’

मग सासऱ्यांच्या शेजारी मी बसलो. गुडघे दाराकडे वळवून बसावं लागलं आणि पोटरीला ऊब लागत होती. म्हटलं, स्पोर्ट्स कार आहे, पालखी नव्हे. सासऱ्यांनी क्लच सोडला तशी गाडी एकदम उसळली. त्यांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. ‘ताकद आहे हं,’ ते म्हणाले. ती स्तुती आहे असं समजून मी त्यांना इंजिनबद्दल कोपऱ्यापर्यंत सांगत होतो.

पुढे जुन्या गाड्यांच्या शौकिनांचा एक मेळा भरला, तिथे मी गाडी नेली. बॉनेट उघडून उभा राहिलो, लोकांनी फोटो काढले, सासरे मागे सावलीत खुर्ची घेऊन बसले होते. कुणी विचारलं की ते माझ्याकडे बोट दाखवायचे. मला जे हवं होतं ते मला मिळालं होतं. रविवारी फोन केला की मी न चुकता विचारायचो, ‘बाबा, गाडी कशी चाललीये?’

‘एकदम मस्त.’

‘आईंना नेलं होतं फिरायला?’

‘हो तर. दोघंही जाऊन आलो. जाम आणलेत, तुमच्यासाठी ठेवलेत.’

यात एक अक्षरही खोटं नव्हतं, हे मला गेल्या थंडीत कळलं.

देपालपूरला आमच्या एका गिऱ्हाइकाचं धान्य साफ करायचं मशीन बंद पडलं होतं. रविवारी बाजार बंद असतो, काम निवांत करता येतं, म्हणून मी सकाळीच निघालो. वस्ती विरळ झाली तशी माझ्या पुढे एक ई-रिक्षा दिसली, रस्त्याच्या मधोमध, रमतगमत चाललेली. मी हॉर्न दिला. ती बाजूला होईना. तिच्याही पुढून एका इंजिनचा आवाज येत होता, चुकीच्या गिअरमध्ये कोंडलेला, घुसमटलेला. मला असा आवाज ऐकवत नाही. असल्या इंजिनला इतकं हळू कोण गाढव चालवतंय, असं तोंडातल्या तोंडात म्हणत मी मान काढून पाहिलं.

आमची लाल गाडी होती. सासरे एकटेच होते. ते सारखे आरशात बघत होते, मागची रिक्षा फार मागे तर पडत नाही ना, म्हणून.

रिक्षात डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई बसली होती. उजवा पाय तिनं समोरच्या सीटवर लांब पसरला होता आणि मांडीवर थर्मास होता.

मी वेग कमी करून मागे राहिलो. ओव्हरटेक केलं असतं तर त्यांना मी दिसलो असतो. माझ्यामागे सोयाबीनची ट्रॉली हॉर्न मारत होती, तिला पुढे जाऊ दिलं आणि तिच्या आडोशानं मी त्या दोघांच्या मागे जात राहिलो. जामवाला आला तसे ते थांबले. मीही बऱ्याच मागे एका बाभळीखाली थांबलो. सासऱ्यांनी उतरून डाव्या बाजूचं दार उघडलं. सासूबाई बसायच्या त्या सीटवर घडीचे दोन स्टूल ठेवलेले होते. ते त्यांनी काढून गाडीच्या कडेला मांडले, मग रिक्षाकडे जाऊन हात देऊन सासूबाईंना उतरवलं. दोघं बसली. थर्मास उघडला. रिक्षावाल्यालाही चहा मिळाला. सासूबाई एकदम बोलायला लागल्या, हात हलवून, जणू वाटेत बोलायचं राहून गेलेलं सगळं आता थोडक्या वेळात बोलून घ्यायचं होतं. सासरे मान हलवत ऐकत होते.

धरणीनं पोटात घ्यावं असं लोक म्हणतात ते उगाच नाही. मी स्टिअरिंगच्या मागे खाली सरकून बसलो होतो, चोरासारखा. कितीतरी रविवार त्या दोघांनी हे असं केलं होतं. फोनवर मी ‘आईंना नेलं का’ विचारत होतो आणि ते हो म्हणत होते. रिक्षानं का होईना, नेलंच होतं. गाडी घरी उभी ठेवून दोघं सरळ रिक्षातून आले असते तर काय बिघडलं असतं? बिघडलं असतं. गल्लीनं विचारलं असतं, जावईबापूंचं इंजिन बंद पडलं का. ते कुणी विचारू नये म्हणून हा म्हातारा माणूस भीत भीत ती उसळणारी गाडी रिक्षाच्या पुढे हाकत होता.

देपालपूरला जाऊन मी काय काम केलं ते मला आठवत नाही. परत येताना त्या रस्त्यानं आलो नाही.

घरी आल्यावर बायकोला विचारलं. ती भाजी निवडत होती. ‘मला मालूम आहे,’ ती म्हणाली.

‘कधीपासून?’

‘पहिल्यापासून. त्या दिवशी तू निघून गेल्यावर आई बसली होती ना. पाय अंदर गेलाच नाही. बाबा म्हणाले जरा तिरपा कर, तर त्या पाइपच्या गर्मीने पोटरी भाजली. मग बाबांनी मलम लावलं.’

‘आणि मला कुणी सांगितलं नाही?’ माझा आवाज चढला. खरं सांगायचं तर मला आधी लाज वाटायच्या जागी रागच आला. ‘मला सांगायला काय जात होतं? दुरुस्त केलं असतं मी! मी काय राक्षस आहे?’

‘राक्षस कुठे म्हणतेय? जावई आहेस.’ तिनं भाजीचं ताट बाजूला ठेवलं. ‘आईने शपथ घातली मला. म्हणाली, त्यांनी किती हौसेने केलंय, त्यांचं मन नको तोडायला. मी काय करू? तुला सांगून आईशी दगा करू, की तुझ्याशी मूग गिळून राहू?’

करायला गेलो गणपती आणि झाला माकड, हे ठीक आहे, असं कुणाचंही होतं. पण त्या माकडाची त्यांनी माझ्यासाठी रोज पूजा चालवली होती, आणि मी आरतीचं ताट पुढे आलं की हात फिरवून घेत होतो.

पुढच्या रविवारी सकाळी मी एकटाच सुदामानगरला गेलो. सासरे पोर्चमध्ये गाडीची काच पुसत होते. सासूबाई पायरीवर बसून डोक्याला रुमाल बांधत होत्या. मला पाहून दोघांचीही धांदल उडाली. ‘अहो, या, या! चहा टाकायला सांगते,’ सासूबाई उठायला लागल्या.

‘आई, बसा. मी गेल्या रविवारी देपालपूरला गेलो होतो. तुम्हाला पाहिलं.’

सासऱ्यांच्या हातातलं फडकं थांबलं. ‘नाही, ते काय झालं, त्या दिवशी हिचा पाय जरा...’

‘बाबा, मला सगळं कळलंय.’

सासऱ्यांचा चेहरा पकडल्या गेल्यासारखा झाला, आणि ते मला फारच असह्य झालं, कारण पकडला मी गेलो होतो. मी भरभर बोलायला लागलो. जुनं इंजिन मी भंगारात दिलेलं नाही, कारखान्यात ताडपत्रीखाली आहे. गिअरबॉक्सही आहे. कापलेला पत्रा होता तसा करून घेईन. सगळं पहिल्यासारखं करून देईन, अगदी धुरासकट. शेवटचं मी विनोद म्हणून बोललो. कुणी हसलं नाही.

‘चुकलं माझं,’ मी म्हणालो. ‘एकदा विचारायला हवं होतं.’

‘अहो, असं काय बोलता,’ सासरे म्हणाले. ‘तुम्ही प्रेमानेच केलंत. आता तुमची इच्छा असेल तर...’ आणि त्यांनी खिशात हात घातला. चावीसाठी.

‘नको,’ सासूबाई म्हणाल्या.

त्या घरात तो शब्द मी माझ्यासाठी पहिल्यांदाच ऐकत होतो. सासरेही चमकून त्यांच्याकडे बघायला लागले. त्या रागावलेल्या नव्हत्या. रुमालाची गाठ मारत, शेजारणीशी बोलावं तशा सहज बोलत होत्या.

‘नको, जावईबापू. तुम्ही कराल, चांगलंच कराल, मला मालूम आहे. पण गाडी पुन्हा वर्षभर जाईल. मागच्या वेळी ती नव्हती ना, तेव्हा रविवारी हे नुसते या पोर्चमध्ये येऊन उभे राहायचे. माझं एक सोडा. यांना आता दम लागतो, डॉक्टर आणखी किती दिवस गाडी चालवू देईल ते मालूम नाही. आमच्याजवळ रविवार असे कितीसे उरलेत, की त्यातले एक वर्षाचे तुम्हाला देऊ?’

दम लागतो, हेही मला माहीत नव्हतं.

बाहेर ई-रिक्षा येऊन थांबली. रिक्षावाला ओळखीचा असल्यासारखा हसला, ‘चलें माताजी?’ मी सासूबाईंना हात देऊन पायऱ्यांवरून उतरवलं आणि रिक्षात बसवलं. समोरच्या सीटवर पाय ठेवताना त्यांनी तोंडातल्या तोंडात ‘आई गं’ म्हटलं. थर्मास मी त्यांच्या मांडीवर दिला. पोर्चमध्ये चावी फिरली आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. सासऱ्यांना उभं राहून काही पुसायलाही वेळ मिळाला नाही.

गाडी पुढे निघाली, रिक्षा मागे. गल्लीतून जाताना सासूबाईंना काहीतरी आठवलं असावं. त्या पुढे वाकून मोठ्यानं सांगत होत्या. सासरे मान मागे वळवून ‘काय? काय म्हणतेस?’ विचारत होते. इंजिनच्या आवाजात त्यांना काही ऐकू येत नव्हतं, आणि त्या पुन्हा पुन्हा तेच सांगत होत्या. मी फाटकाशी उभा होतो. ती दोघं कोपऱ्यावर वळायच्या आधीच मी मान खाली घातली.